नवा घडीचा चाकू: ठेवावा की मुदतीत परत करावा?

कुळागरवाला (सावईवेरे)

नमस्कार. आमचे लहानसे कुळागर, म्हणजे सुपारी-मिऱ्याची बाग, आहे आणि दिवसभरात खिशातला चाकू दहा-पंधरा वेळा तरी बाहेर निघतो. मिऱ्याच्या वेली बांधायचे सुंभ तोडायचे, ठिबकची नळी कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, मध्येच एखादी कैरी किंवा पपई चिरायची, अशी कामे. आजवर घरातली जुनी सुरी कागदात गुंडाळून नेत होतो, परंतु गेल्या महिन्यात ती खिसा फाडून मांडीला लागली आणि सौभाग्यवतींनी घडीचा चाकू घेण्याचे फर्मान काढले.

त्याप्रमाणे ऑनलाइन एक मागवला. पाते ८.५ सेंटिमीटर लांब आणि ३.५ मिलिमीटर जाड, पोलाद डी२, लॉक लायनर पद्धतीचे, किंमत सुमारे २,००० रुपये. दिसायला देखणा आहे आणि खोक्यावर कडकपणाचा ६० हा आकडा मोठ्या अक्षरांत छापला आहे. परत करण्याची मुदत अजून ३ दिवस आहे. एकदा वापरला की परत घेणार नाहीत, म्हणून न वापरताच त्याची पारख कशी करावी, आमच्या पावसाळ्यात तो टिकेल का आणि खिशात बाळगण्यास कायद्याची काही आडकाठी आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना फिटर (वास्को)

पाते आणि त्याची धार शेवटी पाहावी, आधी सांधा पाहावा. धार बोथट असली तर दगडावर लावता येते, पण सांधा मुळातच वाकडा बसला असेल तर तो घरी सुधारत नाही.

चाकू मिटून वरून पाहा. पाते मुठीतल्या दोन्ही पत्र्यांच्या बरोबर मध्ये बसले पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर बिजागरीचा स्क्रू किंचित सैल करून पाहावा आणि तरीही घासत राहिले तर पत्राच वाकडा आहे असे समजावे. मग मिटलेला चाकू टोक खाली करून हलवा. पाते आपणहून बाहेर डोकावत असेल, तर तो खिशात ठेवण्याच्या लायकीचा नाही. यानंतर चाकू उघडून पाते चिमटीत धरा आणि आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवून पाहा. आडवी हालचाल स्क्रू आवळून जाऊ शकते. उभी हालचाल राहिली तर दोष लॉकच्या बसण्यात असतो आणि तो स्क्रू आवळून जात नाही.

लायनर लॉकमध्ये आतली पत्री स्प्रिंगसारखी सरकून पात्याच्या बुडाखाली येते आणि पाते मिटू देत नाही. नव्या चाकूत ही पत्री बुडाच्या रुंदीच्या पाव ते निम्म्या भागावर थांबायला हवी, कारण वापराने धातू झिजतो तशी ती हळूहळू पलीकडे सरकत जाते. पहिल्याच दिवशी ती पलीकडच्या कडेला टेकली असेल, तर झिजेसाठी जागाच उरलेली नाही. लॉकचा जोर तपासताना पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवून हळूहळू दाबावी आणि बोटे पात्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर ठेवावीत. पाठ जोरात आपटून दाखवणारे पुष्कळ व्हिडिओ फिरतात. तसे केल्याने चांगले लॉकही बिघडते.

धारेसाठी चाकू दिव्याखाली धरून धार डोळ्यांसमोर आणा. खरी धार प्रकाश परत फेकत नाही, त्यामुळे जिथे चकाकणारा ठिपका दिसेल तिथे ती वळलेली किंवा बोथट आहे. वर्तमानपत्राचा कागद बुडापासून टोकापर्यंत एका ओढीत कापून पाहिला तरी हेच कळते, आणि त्याने चाकू वापरला असे कुणी म्हणणार नाही.

डिचोलीकर

फिटरसाहेबांनी सांध्याचे सांगितले, मी पोलादाचे सांगतो. खोक्यावरचा ६० हा रॉकवेल कडकपणाचा आकडा आहे. धार किती दिवस टिकेल याचा काही अंदाज त्यावरून येतो, गंजाबद्दल मात्र त्यावरून काहीच कळत नाही. डी२ मध्ये क्रोमियम साधारण १२ टक्के असते, पण कार्बन सुमारे दीड टक्का असल्याने त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळून बनलेल्या कठीण कणांत, अडकते आणि गंज रोखायला कमी उरते. म्हणून त्याला अर्धवट स्टेनलेस म्हणतात. पुण्यात ते वर्षभर चमकेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर घामाच्या खिशात राहिले आणि वरून कैरीचा आंबटपणा लागला, तर ठिपके पडणारच. १४सी२८एन या स्वीडिश पोलादात क्रोमियम १४ टक्के आणि कार्बन ०.६२ टक्के असतो, जोडीला थोडा नायट्रोजनही असतो. तुमच्या कामाला ते अधिक शोभेल.

आणखी एक. सांध्यात खोबरेल घालू नका. फणसाचा चीक काढायला ते उत्तमच आहे, पण सांध्यात काही महिन्यांनी ते चिकट होऊन धूळ धरते. औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन थेंबभर घालावे, म्हणजे फळे चिरतानाही शंका राहत नाही. तसेच चाकू चामड्याच्या म्यानात साठवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते.

मांडवीकाठ (पणजी)

कायद्याविषयी थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. तुमचे पाते साडेतीन इंचांहूनही कमी आहे. तरीही निवडणुकीच्या काळात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली हत्यारे बाळगण्यावर बंदीचे आदेश निघू शकतात. त्या दिवसांत चाकू कुळागरातच राहू द्यावा. बटण दाबताच उघडणारा रामपुरी धाटणीचा चाकू घेऊच नये. आणि मोपा असो वा दाबोळी, विमानतळावर जाताना तो हातातल्या पिशवीत राहणार नाही याची काळजी घ्यावी.

कुळागरवाला (सावईवेरे)

सर्वांचा आभारी आहे. काल रात्री दिव्याखाली बसून एकेक गोष्ट तपासली. पाते मध्यावर आहे, आडवी हालचाल नाही, कागदही नीट कापतो. परंतु लॉकची पत्री जवळजवळ पलीकडच्या कडेला टेकली आहे आणि वर-खाली बारीकशी हालचाल जाणवते. तेवढ्यात सौभाग्यवतींनी तो हातात घेतला. त्या डावखुऱ्या आहेत आणि त्यांना ते लॉक एका हाताने सोडवताच येईना. हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

जुना फिटर (वास्को)

वर-खाली हालचाल असेल तर निःशंक परत करा. लायनर लॉक बहुधा उजव्या अंगठ्याला धरूनच बनवतात. दोघांनी वापरायचा असेल तर पाठीवरून दाबून सुटणारे बॅक लॉक पाहावे, ते दोन्ही हातांना सारखेच. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ क्रमांकाचा चाकूही अनेकजण सुचवतील. त्याची पाते अडवणारी फिरणारी कडी १९५५ पासूनची आहे, साधी आणि भरवशाची, पण मूठ बीच लाकडाची असते आणि ओल लागली की फुगून पाते आत घट्ट अडकते. एका आषाढात माझा असा अडकला की दोन दिवस उन्हाची वाट पाहावी लागली. पात्याची जाडी मात्र २.५ मिलिमीटरच्या आत घ्या, साडेतीनचे पाते कैरी चिरण्याऐवजी फोडते.

कुळागरवाला (सावईवेरे)

चाकू आज सकाळी परत पाठवला. १४सी२८एनचे पाते आणि बॅक लॉक असलेले दोन चाकू शोधून ठेवले आहेत. त्यांतला एक फोंड्याच्या एका दुकानात मिळतो असे कळले आहे, तेव्हा सौभाग्यवतींना घेऊन जातो आणि दोघांच्या हातात धरून पाहूनच घेतो.