मदत हवी आहे: केस चालू असताना कलम वाढवलं, त्यातच शिक्षा झाली, अपिलात हा मुद्दा टिकेल का?

नमस्कार मंडळी, जाणकारांनी प्लीज वेळ काढून वाचा.

माझ्या धाकट्या भावाला मारामारीच्या केसमध्ये जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा सुनावलीय. सुरुवातीला चार्ज भादंवि (भारतीय दंड विधान) ३२४ चा होता, म्हणजे हत्याराने साधी दुखापत. जखमी आणि बाकीचे साक्षीदार सगळे ३२४ धरूनच तपासले गेले, आमच्या वकिलांचा उलटतपासही मारलं कोणी एवढ्यावरच होता, हाड मोडलं की नाही हा विषयच निघाला नव्हता. मग शेवटी डॉक्टर आले, त्यांनी एक्सरे दाखवून मनगट फ्रॅक्चर असल्याचं सांगितलं आणि सरकारी वकिलांनी सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) २१६, म्हणजे चार्ज बदलण्याच्या कलमाखाली अर्ज देऊन ३२६, म्हणजे हत्याराने गंभीर दुखापत, लावून घेतलं.

निकालाआधी कधीही चार्ज बदलता येतो हे मान्य. पण २१७ प्रमाणे आरोपीला साक्षीदार परत बोलवू द्यायला हवेत ना, आणि नाकारायचं तर कोर्टाने कारण लेखी द्यायला हवं. मी रोजनाम्याची (कोर्टाच्या तारीखवार नोंदींची) नक्कल काढली तर एका तारखेला "वाढीव दोषारोप वाचून दाखवला, गुन्हा नाकबूल" आणि पुढच्याच तारखेला थेट ३१३ चा, म्हणजे पुराव्यावर आरोपीचा जबाब. मधे काहीच नाही. आमच्या वकिलांनी अर्ज दिला नव्हता, पण आता तुम्हाला साक्षीदार परत बोलवायचेत का असं कोर्टाने विचारल्याचीही नोंद नाही. (सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन बीएनएसएस कायद्यात हीच २१६ आणि २१७ कलमं २३९ आणि २४० आहेत, केस जुनी म्हणून जुने नंबर लिहितोय.)

घोडं पेंड खातंय ते सीआरपीसी ४६४ वर. नुसत्या चार्जमधल्या चुकीने शिक्षा रद्द होत नाही, त्यामुळे न्याय डावलला गेला हे दाखवावं लागतं. जखमीला आणि डॉक्टरांना फ्रॅक्चरवर उलट प्रश्न विचारताच आले नाहीत, एवढं त्याला पुरतं का? की तेव्हाच हरकत घेतली नाही म्हणून सेशन्स कोर्ट ऐकणार नाही?

दुसरं म्हणजे मुद्दा मान्य झाला तर सुटका होते, ३२४ वर येऊन शिक्षा कमी होते, की केस परत खाली पाठवतात? भाऊ आधीच पार खचलाय, पुन्हा सगळे साक्षीदार नव्याने म्हटलं तर घरचे अपीलच नको म्हणतील.

जामीन झालाय, शिक्षेला तात्पुरती स्थगिती आहे. अपिलाची मुदत ३० दिवस, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात हे माहितीय, पण वेळ कमीच आहे. अपील मेमोत हा मुद्दा पहिला घ्यावा की पुराव्यातल्या विसंगतीनंतर? कोणी अशी केस चालवली असेल तर नक्की सांगा.