लहान देशाचं आरमार: चार फ्रिगेट की चाळीस बोटी?

खाडीकाठ:
काल या मंचावर 'तोफखाना' यांनी लिहिलं की श्रीलंकेसारख्या देशाने गस्तीच्या बोटींवर पैसा घालवणं बंद करावं आणि सरळ चार दणकट फ्रिगेट (मोठ्या लढाऊ नौका) घ्याव्यात, कारण "बोटींनी आरमार होत नाही, मराठ्यांचंही म्हणूनच बुडालं". मालवणात राहतो, सिंधुदुर्ग किल्ला रोज डोळ्यासमोर असतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी मुंबईजवळच्या खांदेरी बेटाची लढाई. १६७९. समोर इंग्रजांची रिव्हेंजसारखी मोठी जहाजं आणि आपल्याकडे शिवरायांच्या आरमाराचे मायनाक भंडारी, दौलतखान यांची लहान गलबतं. वारा पडला की इंग्रजांची शिडं लोंबायची आणि आपली वल्ह्यांवर चालणारी होडकी रात्री उथळ पाण्यातून बेटावर दाणागोटा, दगडचुना पोचवायची. त्यांना ती शेवटपर्यंत अडवता आली नाहीत आणि बेट आपल्याकडेच राहिलं.

दुसरं, मी अकरा वर्षं एका गोदीत इंजिन फिटर होतो. जहाज विकत घेणं सोपं असतं हो, ते चालू ठेवणं हा खरा खेळ. एक गस्तीनौका आमच्याकडे दीड महिन्याच्या कामाला आली होती. तळाचे शंखशिंपले खरवडले, पत्रा हातोडीने ठोकून ठोकून कुठे पातळ झालाय ते बघितलं, सगळं वेळेत. मग शाफ्टचं एक सील परदेशातून यायचं होतं, परातीएवढं. त्यासाठी जहाज पाच महिने गोदीत, आणि खलाशी रोज येऊन डेक धुवायचे. नौदलात ढोबळ हिशेब असतो की तीन जहाजं असतील तर एक समुद्रावर, एक दुरुस्तीत, एक सरावात. म्हणजे तुमच्या चार फ्रिगेटमधली एक कशीबशी समुद्रावर, आणि किनारा तेराशे किलोमीटरच्या वर. थायलंडने १९९७ मध्ये चक्री नारुएबेत ही विमानवाहू नौका हौसेने घेतली, २००६ पर्यंत तिच्यावरची हॅरियर विमानंच निवृत्त झाली. आता ती विमानांशिवायची विमानवाहू.

तोफखाना:
तुम्ही थायलंडचं टोकाचं उदाहरण घेऊन फ्रिगेटला झोडपताय. फ्रिगेट आणि विमानवाहू नौका यात फरक असतो हे अकरा वर्षं गोदीत काढलेल्या माणसाला मी सांगायला नको.

लहान बोटींचं कौतुक करताना लोक नेहमी १९६७ चं ऐलात सांगतात, इजिप्तच्या कोमार बोटींनी क्षेपणास्त्र टाकून इस्रायलची विनाशिका बुडवली. नाहीतर ४ डिसेंबर १९७१ चा आपल्या क्षेपणास्त्र बोटींचा कराचीवरचा हल्ला. पण निपात, निर्घात, वीर या बोटींचा पल्ला इतका कमी होता की वाटेत काही अंतर त्यांना टोचन करून न्यावं लागलं, आणि सोबत किलतान, कच्छल या मोठ्या पाणबुडीविरोधी नौका होत्या हे कोणी सांगत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात इराकच्या क्षेपणास्त्र बोटी ब्रिटिश लिंक्स हेलिकॉप्टरांनी टिपून टिपून मारल्या. बोटीवर हवाई संरक्षण नाही, सोनार (आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र) नाही, हेलिकॉप्टर नाही. मग तिने करायचं काय?

आणि पावसाळा? मालवणात राहता ना, जूनमध्ये कुठली लहान बोट दोनशे मैलांवर पाठवाल ते सांगा.

हर्णेवाला:
पावसाळ्याचं बोललात म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचत असतो. आमच्या होड्या ज्येष्ठ लागायच्या आत वर ओढून झावळ्यांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय पाण्यात जात नाहीत, हे काय उगाच नाही. पण वादळ कॅलेंडर बघून येत नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं तेव्हा माझा काका बाहेर होता. सकाळी नुसतं ढगाळ होतं, दुपारी समुद्र असा उठला की पुढची बोट दिसेना. त्यांनी जाळं कापून टाकलं, इंजिनात पाणी गेलं, रात्रभर चार माणसं डब्यांनी पाणी उपसत होती. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या मालवाहू जहाजाने त्यांना दोर टाकला. लहान बोटी मदतीला निघाल्याच नव्हत्या, निघणार तरी कशा. काकाचे तळहात अजून दाखवतो मी कोणाला बघायचे असतील तर. तेव्हा मोठं जहाज पाहिजे, ह्यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. रात्री आमच्यासमोर काही बोटी चोरून एलईडी दिवे लावून मासे ओढतात, समुद्रात शहर वसल्यासारखा उजेड दिसतो, आम्ही फोन करतो, उत्तर येतं गस्तीनौका दुरुस्तीला गेलीय. एकच नौका! तिथे फ्रिगेट काय कामाची? तिथे पाहिजेत चार चपळ बोटी आणि त्यात डिझेल.

वालावलची खाडी:
तुमचा सगळा खरा, पण डिझेलाचे पैशे कोण देतलो? २०२२ मध्ये श्रीलंकेत लोक पेट्रोलसाठी दोन दोन दिवस रांगेत होते. जहाजं मोजू नका, वर्षातून किती दिवस समुद्रावर राहतील ते मोजा.

गुराब:
मूळ मुद्दा राहू द्या, "मराठ्यांचंही म्हणूनच बुडालं" याचं आधी काय ते बोला. बोटी लहान होत्या म्हणून नाही बुडालं. कान्होजी आंग्रे १७२९ ला गेले तोपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज कोणाचं काही चाललं नव्हतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये त्यांच्या मुलाच्या, तुळाजीच्या विजयदुर्गावर इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून आले आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज आली. आपलं आरमार आपणच परक्याला जाळू दिलं. बंदरात जळालेली जहाजं पाहून पुण्यात कोणाला काही वाटलं का?

घाटावरचा:
आलं का परत पेशव्यांवर. तुळाजीने पेशव्यांच्या रयतेला, व्यापाऱ्यांना किती त्रास दिला होता तेही लिहा की. स्वतःच्याच छत्रपतींच्या पंतप्रधानाशी भांडणारा सरदार म्हणजे आरमार नव्हे. कोकणातल्या लोकांना सगळं खापर घाटावरच्यांवर फोडायची सवय आहे.

गुराब:
सवय नाही, आम्ही विजयदुर्गाच्या पायथ्याशी वाढलो. वाघोटण खाडीत ओहोटीला उभं राहून बघा, मग बोला. भाऊबंदकी दोन्हीकडून होती हे मान्य, तुळाजी काही साधा नव्हता. पण भांडण घरचं होतं तर ते घरात मिटवायचं, इंग्रजांची तोफ कशाला बोलवायची? १७५६ नंतर कोकणकिनाऱ्यावर इंग्रजांना रोखायला उरलं कोण ते सांगा.

घाटावरचा:
चूक झाली, एवढं म्हणतो. त्यापुढे नाही.

तोफखाना:
तुम्ही दोघं माझाच मुद्दा सिद्ध करताय. १७५६ ला आंग्र्यांची जहाजं खुल्या समुद्रात लढलीच नाहीत, खाडीत दाटीने उभी होती आणि एकाला लागलेली आग सगळ्यांना लागली. खुल्या समुद्रात वॉटसनच्या ताफ्यासमोर उभं राहील असं एकही जहाज नव्हतं.

खाडीकाठ:
उलट सिद्ध होतंय. सगळी जहाजं एका ठिकाणी ठेवली की एका आगीत जातात, मग ती आंग्र्यांची गुराबं (शिडाची लढाऊ जहाजं) असोत की चार फ्रिगेट. एप्रिल २०२२ मध्ये रशियाचं मोस्कवा हे मोठं युद्धजहाज किनाऱ्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रांनी बुडवलं, आणि युक्रेनकडे तेव्हा सांगण्यासारखं मोठं जहाज उरलं नव्हतं. लहान देशाने क्षेपणास्त्रं ट्रकवर ठेवावीत, त्यांना गोदी लागत नाही.

आता श्रीलंकेचंच घ्या, कारण वाद तिथून सुरू झाला. तमिळ वाघांच्या आरमाराच्या, म्हणजे सी टायगर्सच्या, बोटींचे थवे यायचे, तेव्हा मोठी जहाजं गोंधळली. मग त्यांच्या नौदलाने स्वतः लहान बोटी बांधल्या आणि थव्याला थव्याने उत्तर दिलं. किनाऱ्याजवळची लढाई बोटींनी जिंकली, ह्यात वाद नाही.

तोफखाना:
अर्धीच गोष्ट सांगताय! वाघांची शस्त्रं कुठून यायची? समुद्रात लांब उभ्या असलेल्या तरंगत्या गोदामांतून. ती २००६-०७ मध्ये बुडवली ती सयुरा, समुदुरा यांसारख्या मोठ्या गस्तीनौकांनी, काही तर स्वतःच्या किनाऱ्यापासून हजार मैलांहून लांब. सयुरा म्हणजे आपल्या नौदलाची जुनी सरयू. तिथे तुमच्या फायबरच्या बोटी गेल्या असत्या का?

खाडीकाठ:
नसत्या गेल्या. हे बरोबर आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. पण सयुरा फ्रिगेट नाही, साधी गस्तीनौका आहे, महागडी क्षेपणास्त्रं नाहीत, तोफ आहे, पल्ला आहे, लाट सोसणारं पोट आहे. गोव्यात वास्कोच्या गोदीने त्यांना २०१७ ला 'सयुराला' आणि २०१८ ला 'सिंदुराला' या नौका बांधून दिल्या त्याही ह्याच जातीच्या. माझा हिशेब असा: अशा सहा, म्हणजे दोन कायम बाहेर. किनाऱ्याला तीस-चाळीस चपळ बोटी. ट्रकवर क्षेपणास्त्रं. सगळ्या मोठ्या जहाजांना एकाच बनावटीचं इंजिन, म्हणजे सुटे भाग एका कोठारातून निघतील आणि एका सीलसाठी पाच महिने जाणार नाहीत.

तोफखाना:
सहाच्या आकड्याला हरकत नाही. पण दोघींवर तरी हेलिकॉप्टर आणि सोनार पाहिजे, नाहीतर पाणबुडी आली की काय बघत बसणार? आपल्या खुकरी फ्रिगेटला पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने बुडवलं ते ९ डिसेंबर १९७१, आपले १९४ जण गेले. ते जहाज पाणबुडी शोधायलाच निघालं होतं.

खाडीकाठ:
दोघींवर ठीक. चार फ्रिगेटच्या हेलिकॉप्टरवाल्या दोन गस्तीनौका झाल्या, एवढं आज पुरे.

हर्णेवाला:
आणि आमच्या एलईडीचं? काल रात्री पुन्हा सात बोटी होत्या. मी मोजल्या.