गोळी आहे म्हणून ताटात काटछाट नको

कुणीतरी विचारलंय, सासूबाईंना कॅल्शियमची गोळी चालू आहे, मग दूध-दही कशाला? अहो, गोळीत प्रथिनं कुठे असतात! ऑस्ट्रेलियातल्या ६० वृद्धनिवासांमधला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. ड जीवनसत्त्व तिथे आधीच पुरेसं होतं. निम्म्या ठिकाणी रोजच्या खाण्यात दूध, दही, चीज वाढवलं. तिथे खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी भरलं. आमची आई रात्री नुसतं चहा-खारीवर भागवायची, 'भूक नाही रे' म्हणत. आता नाचणीच्या आंबिलात वाटीभर दही घुसळून देतो. कुरकुरत का होईना, पिते. आणि हो, लोहाची गोळी चालू असेल तर कॅल्शियमसोबत देऊ नका, लोह नीट अंगी लागत नाही. आम्ही सहा महिने तेच करत होतो!