बंद गिरण्यांत शिरून फोटो काढावेत का? माझं मत : हो, आणि लवकर

परळचा_नातू
सरळ मुद्द्यावर येतो. मुंबईतल्या बंद पडलेल्या गिरण्यांत परवानगी न घेता जाऊन फोटो काढणाऱ्या पोरांना सगळे शिव्या घालतात, रिकामटेकडे, रीलवाले वगैरे. पण ही पोरं गेली नसती तर गिरणीच्या आतलं काहीच कुणाला दिसलं नसतं, कारण ज्यांनी हे काम करायला पाहिजे होतं त्यांनी इतक्या वर्षांत केलं नाही. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवच्या पहिल्या गिरणीची कंपनी काढली तिथपासून १९८२ च्या संपापर्यंत हे शहर या धंद्यावर वाढलं, संपात अडीच लाखाच्या आसपास माणूस उतरला, आणि आज पोरांना गिरणी म्हटलं की फिनिक्सच्या मॉलमधली चिमणी एवढंच आठवतं.

मी स्वतः गेलोय आत. नाव लिहीत नाही, परळ-लालबाग पट्ट्यातली एक. सांचेखात्याचं, म्हणजे कापड विणायचे माग जिथे असायचे त्या खात्याचं, छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, काचा सगळ्या उत्तरेच्या बाजूला, म्हणजे ऊन थेट सुतावर येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. बिडाच्या खांबांवर रंगाने घातलेले नंबर अजून वाचता येतात, एकावर हळदकुंकवाचे डाग आहेत, बहुतेक खंडेनवमीच्या पूजेचे. सांचे मात्र एकही नाही, सगळे भंगारात गेले, फरशीत नुसत्या बोल्टच्या ओळी राहिल्यात, आणि त्या ओळी मोजल्या की कळतं की दोन सांच्यांमधे माणसाला उभं राहायला किती जागा होती. माझे आजोबा तिथे आयुष्यभर आठ आठ तास उभे होते. हे मला कुठल्या कागदात सापडलं नसतं.

सेफ्टीवाले_काका
नातू, तुझी तळमळ कळली, तरी विरोधच करणार. मी कारखान्यांच्या सेफ्टीत नोकरी काढली. बंद इमारतीत काय होतं ते ऐक. वरच्या मजल्याच्या लाकडी फळ्या वर्षानुवर्षं तेल पिऊन आणि मग पावसात कुजून आतून पोकळ होतात, वरून मात्र धड दिसतात. पत्रे सिमेंटचे, त्यात ॲस्बेस्टॉस, पाय दिला की सरळ फुटतात, आणि पडझड झाली की त्याची धूळ छातीत जाते. भंगारवाले गॅस कटरने मशिनं कापतात तेव्हा बीम पण अर्धवट कापून ठेवतात, ते खालून बघून कळत नाही. मशिनखालचे खड्डे उघडे. पाण्याचे जुने तलाव वर शेवाळ-गवत येऊन जमिनीसारखे दिसतात. कबुतरांच्या विष्ठेचा थर तुडवला की जी धूळ उडते त्याने फुप्फुसाचे आजार होतात, रुमाल बांधून भागत नाही. आणि हे सगळं मोबाईलच्या टॉर्चमधे, घरी न सांगता. फोटो कितीही मोलाचा असू दे, पोरगं जिवंत परत यायला पाहिजे.

परळचा_नातू
काका, सगळं मान्य, म्हणूनच एकट्याने जाऊ नये, वरच्या मजल्यावर चढू नये, पावसाळ्यात तर नाहीच. पण धोका आहे म्हणून दार बंद, हे उत्तर नाही ना. दार उघडायचं काम कुणाचं होतं?

सांचेवाल्याची_लेक
माझा विरोध वेगळा आहे. इंटरनेटवर टाकलेले बंद गिरण्यांचे फोटो बघितले की बहुतेकांत काय असतं? एक मॉडेल, धूर, तुटलेली खिडकी, खाली इंग्रजीत काहीतरी उदास ओळ. खात्याचं नाव नाही, गिरणीचं नाव नाही, तिथे कोण राबलं त्याचा पत्ता नाही. माझ्या वडलांना संपानंतर कामावर घेतलं नाही. देणी मिळाली तोवर आईचे दागिने गेले होते, भाऊ शाळा सोडून एका दुकानात लागला. त्या जागेवर कुणी प्री-वेडिंग करावं याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. आत जायचं असेल तर आधी आमच्या चाळीत या. कातणखातं, कांडीखातं, कापूस साफ करायची ब्लोरूम कुठे होती हे सांगणारी माणसं अजून आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढची, खोकणारी. कापसाच्या धुळीने त्यांच्या छातीचं काय झालं ते कुठल्या खिडकीच्या फोटोत येत नाही.

वैदेही_फ्रेम्स
ताई, तुमचं पटलं, पण एक बोलायचंय. मी फोटोग्राफर आहे, बाई आहे, आणि या विषयावर कुणीही तोंड उघडलं की शक्ती मिलचं नाव निघतं. २२ ऑगस्ट २०१३, महालक्ष्मीची ती बंद गिरणी, एक तरुण फोटोजर्नलिस्ट सहकाऱ्यासोबत कामासाठी गेलेली आणि तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर आम्हाला घरून, ऑफिसातून एकच ऐकवलं, अशा जागी जायचं नाही. शहराच्या मधोमध, रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा वर्षानुवर्षं बिनदिव्याची, बिनपहाऱ्याची पडून होती याबद्दल कुणाला प्रश्न विचारले? ती तिथे का गेली हे विचारणारे अजूनही भेटतात. म्हणून मी नातूच्या बाजूने आहे. माणसांचं येणंजाणं, दिवे, गाईड असते तर ती जागा तशी राहिलीच नसती.

सेफ्टीवाले_काका
वैदेही, दिवे आणि गाईड म्हणजे परवानगी. मी तेच म्हणतोय. चोरून जाण्याने दिवे लागत नाहीत.

दादरचा_वकील
कायद्याचं थोडक्यात. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरलात तर न्याय संहितेचं कलम ३२९ लागू शकतं. त्यात गुन्हा करायचा किंवा ताबेदाराला त्रास द्यायचा हेतू लागतो, नुसता फोटो काढणाऱ्याला त्यातून सुटायची वाट असते, पण ती कोर्टात, तोवर पोलीस स्टेशनात बसावं लागतंच.

खरा मुद्दा जमिनीचा आहे. १९९१ च्या विकास नियमात कलम ५८ होतं, गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मधे बदल झाला की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, बांधकामाखालची धरायची नाही. झालं, लोकांच्या वाट्याला चिंधी आली. हायकोर्टाने २००५ ला लोकांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मधे सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. जवळपास ६०० एकर जमिनीतला तो तिसरा हिस्सा पूर्ण मिळाला असता तर एखादं सांचेखातं आहे तसं ठेवून आज तिकीट काढून बघता आलं असतं. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणी क्र. २-३ मधे टेक्स्टाइल म्युझियम करायचं पालिकेचं किती वर्षं चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे.

वऱ्हाडी_बाणा
आमच्या नागपूरले या न पहायले. एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांनी १८७७ ले चालू केलेली. आता तिथं एम्प्रेस मॉल हाय. नाव ठेवलं, मिल नाही ठेवली. आत जाऊन कोणी चार फोटो काढले असते त मी त्याचे पाय धरले असते, परवानगी गेली खड्ड्यात.

राइनकाठी
मी जर्मनीत असते, डुइसबुर्गजवळ. इथे थिसेनचा लोखंडाचा कारखाना १९८५ ला बंद झाला, पाडला नाही, १९९४ पासून सार्वजनिक बाग आहे. भट्टी क्रमांक ५ वर कुणीही फुकट चढून जाऊ शकतं, कठडे आहेत, रात्री रंगीत दिवे असतात. माझी मुलं तिथे खेळतात. जिथे मजूर भाजून निघाले तिथे पोरं खेळतात यात मला कुणाचा अपमान वाटत नाही. करायचं ठरवलं तर होतं.

करीरोड_लोकल
सगळं बोलून झालं पण वॉचमनचं कुणी काढलं नाही. शंभर दोनशे रुपये हातावर ठेवून तुम्ही आत जाता, व्हिडिओ व्हायरल होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी जाते. माझ्या मेव्हण्याची गेली. एजन्सीचा माणूस, ना पीएफ ना काही. आणि लोकेशन टाकलं की आठवड्यात चोर हजर, पितळेची पाटी, लोखंडी जाळी, काहीच राहत नाही. जतन करायला गेले आणि चोरांना पत्ता देऊन आले.

सांचेवाल्याची_लेक
हे महत्त्वाचं. नातू, तू पण लोकेशन टाकलं होतंस, मी बघितलंय.

परळचा_नातू
लोकेशन काढलं, आत्ताच. वॉचमनला पैसे देऊन जाणं बंद, कुणाची नोकरी जाणार असेल तर मला तो फोटो नको. ताई, रविवारी चाळीत येतो, वडलांना चालत असेल तर खात्यांचा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घेतो. वकीलसाहेब, बंद गिरण्या ज्या सरकारी कंपनीकडे आहेत त्या नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनला अर्ज लिहून द्याल का, दिवसाउजेडी, गटाने, हेल्मेट घालून आत सोडा म्हणून?

दादरचा_वकील
देतो. शंभरेक सह्या जमवा, त्यातल्या निम्म्या तरी जुन्या कामगारांच्या.

सेफ्टीवाले_काका
माझी पहिली सही घे, बरोबर पण येतो. पण उत्तर येईपर्यंत आत जायचं नाही, हे कबूल कर.

परळचा_नातू
काका, उत्तर यायच्या आधी पाडायला घेतली तर जाणार. हे कबूल नाही करू शकत.