मदत हवी आहे: विंच आणि फ्रिज असलेल्या फोर बाय फोरला एजीएम बॅटरी परवडते का?
डिझेल गाडी, ९००० पौंडांची विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), मागे ४० लिटरचा फ्रिज. साधी लेड-ॲसिड बॅटरी रात्रभर उभी राहिली की १२.२ व्होल्ट दाखवते, म्हणजे जेमतेम निम्मी.

एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी) हादरे जास्त सोसते, गाडी कलली तरी ॲसिड सांडत नाही, हे पटतं. पण विंच पूर्ण ओढीला ४०० अँपिअरच्या आसपास खेचते. तेव्हा इंजिन चालूच ठेवावं लागतं. मग दुप्पट पैसे कशासाठी?

खरी शंका चार्जिंगची. एजीएम पूर्ण भरायला साधारण १४.४ ते १४.७ व्होल्ट लागतात आणि इंजिन तापल्यावर टर्मिनलवर १३.९च मिळतात. सतत अर्धवट भरलेली राहिली तर सल्फेशन (प्लेटांवर सल्फेटचा कडक थर) होऊन महागडी बॅटरीही लवकर मरणार.

त्यापेक्षा पुढे साधीच ठेवून फ्रिजला वेगळी डीप सायकल बॅटरी (वारंवार खूप उतरली तरी टिकणारी) आणि डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून येणारं व्होल्टेज बॅटरीला हवं तेवढं करून देणारा) लावावा का? कुणी व्होल्टेज मोजलं असेल तर आकडे नक्की कळवा.