विषय: आईबाबांना व्हिएतनामी खायला न्यायचंय, काय मागवू?

नमस्कार मंडळी,

आईबाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी इथे कॅलिफोर्नियात आलेत. आम्ही दोघं दर शुक्रवारी सॅन होजेच्या स्टोरी रोडच्या बाजूला कुठेतरी फो, म्हणजे तांदळाच्या नूडल्सचं व्हिएतनामी सूप, खातो. त्यांनाही तिथे न्यावं असं फार वाटतंय. बाबा मासे-चिकन खातात, आई मात्र अंडंही खात नाही. मागच्या आठवड्यात एका ठिकाणी मी व्हेज रोल मागवले. रोल खरंच व्हेज होते, पण सोबतच्या वाटीतलं गोडसर पाणी माशाचं निघालं, आणि आईने एक रोल त्यात बुडवून खाल्ला होता. ती एका शब्दाने बोलली नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही. कोणी नीट माहिती द्याल का?

— सांता क्लाराहून

~

नमस्कार ताई,

वाटीतलं ते पाणी म्हणजे नुक मम. मासळी आणि मीठ पिंपात महिनोन्‌महिने मुरवून काढलेला अर्क, त्यात लिंबू, साखर, लसूण, मिरची. त्यांच्या स्वयंपाकात मिठाच्या जागी तेच पडतं, म्हणून 'नो मीट' एवढं सांगून भागत नाही. 'आन चाय' म्हणा. चाय म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. हा शब्द ऐकला की मासळीचा अर्क बाजूला राहतो आणि सोयासॉस येतो. अंड्याचं मात्र वेगळं विचारा.

त्यांच्यातले अनेक भाविक चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला चायच खातात. पाटीवर चाय लिहिलेल्या छोट्या खाणावळी आपल्या भागात बऱ्याच आहेत. पौर्णिमेला जा. पदार्थ जास्त असतात, आणि शेजारच्या टेबलावर तुमच्या आईंच्या वयाच्या बायका तेच जेवत असतात. त्याने आईंना बरं वाटेल.

मी १९९१ साली इथे आलो तेव्हा सर्किट बोर्डाच्या कारखान्यात होतो. लाइनवर माझ्या दोन्ही बाजूंना व्हिएतनामी. ३० एप्रिल १९७५ला सायगाव पडल्यावर होडीतून निघालेली माणसं. दुपारी मला सोबत न्यायची. फो खायचा कसा, ते त्यांनीच शिकवलं. वाडगं आलं की आधी नुसतं पाणी चाखायचं. मोड, तुळस, लिंबू, मिरची त्यानंतर, आणि तपकिरी गोड सॉस त्यात ओतायचं नाही, मांस बुडवायला वेगळ्या वाटीत घ्यायचं. ज्याने रात्रभर हाडं उकळली त्याची चव आधी कळू दे, असं ते म्हणत.

त्या पाण्यात काय असतं बघा: बाद्यान, दालचिनी, लवंग, धने, मसाला वेलदोडा. आणि कांदा-आलं थेट जाळावर काळं होईपर्यंत भाजलेलं, आपण वाटणाला भाजतो तसं. बाबांना पहिल्या घोटातच गोड्या मसाल्याचा डबा आठवेल. गोमांस चालत नसेल तर 'फो गा' मागवा, पण पाणीही कोंबडीचंच आहे ना, हे विचारून घ्या. काही ठिकाणी पातेलं एकच असतं.

— सॅन होजेचा काका

~

काकांनी सगळं सांगितलंच आहे, माझी दोनच नावं.

बान सेओ. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, हळद, म्हणजे आपलं घावनच. पिवळं दिसतं म्हणून माझ्या सासूबाई अंडं समजून हात लावत नव्हत्या. ती हळद आहे. 'सेओ' म्हणजे तव्यावर पीठ पडल्यावरचा चर्र आवाज. एरवी आत डुकराचं मांस आणि कोळंबी असते, चायमध्ये मशरूम आणि टोफू. तुकडा तोडायचा, लेट्युसच्या पानात पुदिना-तुळस घालून गुंडाळायचा आणि हातानेच खायचा. काट्याचमच्याला बिचकणाऱ्या आपल्या आईवडिलांना याहून सोपं जेवण नाही.

दुसरं, कान चुआ. चिंचेचं आंबट सार. चायचंच मागा, एरवी त्यात मासा असतो. आत काय असतं ते मी सांगत नाही, आईंनाच ओळखू दे.

शेवटी का फे सुआ दा घ्या. फिनमधून, म्हणजे कपावर ठेवायच्या छोट्या गाळणीतून, थेंब थेंब उतरणारी कडक कॉफी, कंडेन्स्ड मिल्क, बर्फ. दुपारी चारनंतर नको, झोप उडते.

— मिल्पिटासहून

~

काका, मावशी,

काल पौर्णिमेला गेलो! सहा टेबलांची जागा, भिंतीजवळ लहानसं देवघर, पुढे संत्री आणि उदबत्ती. 'आन चाय' म्हटल्यावर मालकीणबाईंनी आईकडे बघून मान हलवली आणि वाटीतलं पाणी सोयासॉसचं आहे हे बाटली आणून दाखवलं. त्यानंतरच आई सैलावून बसली. बाबांना कोंबडीचं काही मिळालं नाही, त्यांनी चायचाच फो घेतला. मुळा-गाजर-मशरूमचं पाणी, पण बाद्यान होतंच. ते म्हणाले, "अगं, आमटीचा वास येतोय."

मग सार आलं. टोमॅटो, अननस, भेंडी, मोड आणि पांढरट-हिरवे जाळीदार तुकडे. आईने एक तुकडा चमच्यावर उचलला, उजेडात धरला, खाल्ला. "अळूचं देठ आहे हे. चिंच घातलीय, म्हणजे खाजेची भीती नाही." मी मालकीणबाईंना विचारलं तर त्या आतून अख्खं देठ घेऊन आल्या, हातभर लांब. आईने ते हातात घेतलं, टोकाशी नख घातलं आणि साल सरळ खालपर्यंत ओढून काढली. त्या बाई हसल्या, दुसऱ्या बाजूने त्यांनीही तशीच एक साल ओढली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. देठ संपेपर्यंत त्या सोलत होत्या, आणि आमचं सार गार झालं.

आज सकाळी आई विचारत होती, पुढची पौर्णिमा कधी आहे.

— सांता क्लाराहून