मदत हवी आहे: फॉरेस्ट प्लॉट (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र दाखवणारा आलेख) बिघडलाय, आय-स्क्वेअर (अभ्यासांतली तफावत) ९४ टक्के

परळ_फिजिओ:
गुडघा, व्यायाम विरुद्ध शस्त्रक्रिया. सहा पेपर रेव्हमॅनमध्ये (निकाल एकत्र करायचं सॉफ्टवेअर) भरले. एका पेपरचा ठिपका पार टोकाला पळालाय, दोन उलट्या बाजूला. रँडम इफेक्ट्स (अभ्यासागणिक परिणाम वेगळा असू शकतो असं धरणारी पद्धत) लावून पाहिलं, तेच. उद्या ११ ला मॅडम बघणार आहेत. कुठला पेपर उडवू? लवकर सांगा.

आकडेमोड:
कुठलाच नाही. प्लॉट छान दिसावा म्हणून पेपर काढायचा नसतो. स्केल कोणती? फॉलोअप किती महिन्यांचा? गुडघ्याला नेमकं काय झालंय?

परळ_फिजिओ:
वेदना.

आकडेमोड:
वेदना ही स्केल नव्हे.

परळ_फिजिओ:
सॉरी. चार पेपरांत कूस, दोनांत वोमॅक (दोन्ही गुडघ्याच्या त्रासाला गुण देणाऱ्या प्रश्नावल्या). म्हणून एसएमडी (वेगवेगळ्या स्केल एका मापात आणून काढलेला सरासरीतला फरक) घेतला. सगळे १२ महिन्यांचे.

आकडेमोड:
मग उलटे दोन सापडले. कूसमध्ये १०० म्हणजे ठणठणीत, वोमॅकमध्ये आकडा वाढला की त्रास वाढला. वोमॅकच्या सरासरीला उणे चिन्ह लावा, एसडी (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) तशीच ठेवा.
टोकाचा ठिपका: त्या पेपरात सरासरीपुढच्या कंसातला आकडा बघा. बाकीच्यांत १५-२० आणि तिथे २-३ असेल, तर एसडीच्या रकान्यात एसई (सरासरी किती डळमळीत त्याचं माप) गेलीय. एसईला गटातल्या माणसांच्या वर्गमूळाने गुणा. समजा ६४ जण, एसई २.५, तर २.५ × ८ = २०. पेपरात नुसता ९५ टक्के सीआय (सरासरीभोवतीचा अंदाजाचा पट्टा) असेल तर त्याची रुंदी भागिले ३.९२, मग गुणिले तेच वर्गमूळ. गट ६० पेक्षा लहान असेल तर ३.९२ च्या जागी टी-टेबलातल्या (लहान गटांसाठीच्या संख्याशास्त्राच्या तक्त्यातल्या) आकड्याची दुप्पट.

हाडांचा_डॉक्टर:
गणित ठीक आहे, पण मुळात शस्त्रक्रियेवर अन्याय होतो त्याचं काय? मीटिऑर (फाटलेल्या मेनिस्कसचा, म्हणजे गुडघ्यातल्या गादीचा अभ्यास, २०१३, ३५१ रुग्ण) उघडा. व्यायामाच्या गटातले ३० टक्के सहा महिन्यांत ऑपरेशन करून मोकळे. आयटीटीत (सुरुवातीला ज्या गटात टाकलं त्यातच शेवटपर्यंत मोजायचं) ते व्यायामाच्याच खात्यात जमा. फरक दिसणार कसा?

बांद्रा_स्लो:
म्हणून अ‍ॅज-ट्रीटेड (प्रत्यक्ष मिळालेल्या उपचारानुसार मोजणी) करायचं? ज्यांचं जास्त दुखतं तेच पलीकडे जातात, रँडमायझेशनची (चिठ्ठी टाकून गट पाडण्याची) वाट लागते. आयटीटीच ठेवा, क्रॉसओव्हरचा (गट बदललेल्यांचा) वेगळा रकाना करा. आणि फिडेलिटी (फिनलंडचा अभ्यास, २०१३, १४६ जण) घ्या की. तिथे खोट्या (नुसतं नाटक केलेल्या) शस्त्रक्रियेपुढेही खरी सरस ठरली नाही.

आकडेमोड:
फिडेलिटी या प्लॉटमध्ये बसत नाही. तुलना खोट्या शस्त्रक्रियेशी आहे, व्यायाम दोन्ही गटांना सारखाच. चर्चेत घ्या.

हाडांचा_डॉक्टर:
आणि अपघाताने फाटलेला मेनिस्कस त्यात नव्हता, हेही लिहा. ते सोयीस्कर विसरलं जातं.

माटुंगा_योग:
रोज १० मिनिटं वज्रासन. संशोधनाची गरजच नाही.

बांद्रा_स्लो:
झिजलेल्या गुडघ्यावर वज्रासन? असो. बसण्यावरून आठवलं: वोमॅकच्या २४ प्रश्नांत उकिडवं बसणं नाही. कूसमध्ये आहे, पण खेळाच्या भागात. मांडी घालणं दोन्हीत नाही. आपल्या ओपीडीत पहिला प्रश्न तोच असतो, "खाली बसता येईल ना?"

परळ_फिजिओ:
एसईच होती! तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय. ठिपका आत आला, उलटे दोनही सरळ झाले. पण आय-स्क्वेअर अजून ७० च्या वर. स्कू २०१५ मुळे का?

आकडेमोड:
स्कू? तो तर गुडघा बदलण्याचा ट्रायल! मेनिस्कस आणि गुडघेबदल एकाच प्लॉटमध्ये?

परळ_फिजिओ:
गुडघाच ना दोन्ही.

आकडेमोड:
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं. स्कूमध्ये १०० रुग्ण. शस्त्रक्रियेच्या गटालाही १२ आठवड्यांचे तेच बिनशस्त्रक्रियेचे उपचार मिळाले. तो गट ३२.५ गुणांनी सुधारला, दुसरा १६ ने. आणि हे आकडे कूसच्या चार भागांच्या सरासरीचे आहेत, वेदनेचे नव्हेत. हा प्रश्नच वेगळा, प्लॉटही वेगळा. प्रोस्पेरोत (असे आढावे आधी नोंदवायची जागा) नोंद केली असेल तर बदल तारीख आणि कारणासकट तिथे टाका.
शिवाय ते बदलाचे आकडे आहेत. बाकी पाच पेपरांत काय, बदल की शेवटचा स्कोअर?

परळ_फिजिओ:
तीनमध्ये बदल, दोनमध्ये शेवटचा.

आकडेमोड:
एसएमडीत ही सरमिसळ चालत नाही, एमडीत (मूळ गुणांतल्या सरासरीचा साधा फरक) चालते. वोमॅक वेदना ० ते २० ची असेल तर ५ ने गुणून १०० मधून वजा करा, एसडीला नुसतं ५ ने गुणा. बदलाचा आकडा असेल तर ५ ने गुणून फक्त चिन्ह फिरवा. मग एमडी काढा. तुमच्या पेपरांत लायकर्ट (ठरलेल्या पर्यायांतून निवड) आहे की खूण करायची १० सेंटीमीटरची रेघ?

परळ_फिजिओ:
घरी जाऊन बघतो. लोकलमध्ये उभा आहे, पीडीएफ लॅपटॉपवर.